ओळखीची हाक

चर्चच्या अंगणात करुणाबाई दर रविवारी पोरांना खेळातून देवाच्या गोष्टी शिकवतात, हे कळल्यापासून रत्नम्माच्या मनात पाल चुकचुकत होती. खेळता खेळता आपली लेक दुसऱ्याच देवाच्या मागं गेली तर? आज ती फाटकाआड दबा धरून उभी राहिली.

आत आंधळी कोशिंबीर रंगली होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या तिच्या लेकीला, सिद्धेश्वरीला, वीसेक पोरं चहूबाजूंनी हाका मारत होती. तिचा पाय पायरीवरून घसरणार, तोच रत्नम्मा ओरडली, "सिद्धे, थांब की! फुडं पायरी हाय!"

सिद्धी जागीच थांबली. मग वळली आणि पट्टी न काढता, त्या गलक्यातून थेट आईच्या कुशीत शिरली.

करुणाबाई पोरांना म्हणाल्या, "देवाची हाक कशी ओळखायची, विचारत होता ना?

अशी."