दुसरा नंबर

घोडा दर शर्यतीत दुसरा यायचा. "याच्यात पुढं जायची धमकच नाही," म्हणत जुमादिलआजोबांनी त्याला विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक होता शेजारचा इसाबेक. आज नात मेरिम नेहमीसारखी त्याच घोड्यावर बसून नारिन गावची शर्यत जिंकली, तसा इसाबेक धापा टाकत आला.

"म्हाताऱ्या, खरं सांग, काय चारलंस त्याला?"

"रोजचेच जव," म्हणत आजोबांनी नातीला उचलून खाली घेतलं. तिलाच विचारलं, "मग इतके दिवस पुढं का नाही गं काढलंस त्याला?"

मेरिम रबरानं डोक्याला बांधलेला नवा चष्मा पुसत होती. "कसा काढणार, आजोबा? मला पुढचा घोडा तेवढा दिसायचा, त्याच्या मागनं जायचे. रस्ता कालपासून दिसतोय."