पलीकडचा काठ

तिसऱ्यांदा तपासलं, तरी उत्तर तेच. तिचं डोकं चक्रावून गेलं.

"बरण्या बदलल्यात तुम्ही," ती वडिलांवर उखडली. तळ्याच्या तळाचा गाळ काढायला होडी त्यांनीच वल्हवली होती आणि बरण्यांवर चिठ्ठ्याही त्यांनीच चिकटवल्या होत्या.

"नाही गं बाई. भट्टीजवळचा तो भट्टीजवळचा, घरासमोरचा तो घरासमोरचा. अक्षर माझंच आहे ना?"

त्यांचा अख्खा जन्म काच कारखान्याच्या भट्टीत कोळसा लोटण्यात गेला. भट्टी तळ्याच्या अलीकडे, घर पार पलीकडे. त्या घरात बायको छातीच्या दुखण्यानं गेली. ते दुखणं आपल्या भट्टीनं दिलं का, एवढंच त्यांना डोळे मिटण्याआधी जाणून घ्यायचं होतं. लेक तळ्यांच्या गाळाचीच अभ्यासक. मग दुसऱ्या कुणाचे उंबरे कशाला झिजवायचे!

गाळातला कार्बन कुठूनही येतो. कुजलेली पानं, मेलेलं शेवाळ, पावसानं वाहून आणलेली माती. पण दगडी कोळशाची काजळी सूक्ष्मदर्शकाखाली लपत नाही. तिचे काळे, गोल कण दिसतातच. भट्टीजवळच्या गाळात ते खच्चून भरलेले असायला हवे होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा! तिथे नुसता पालापाचोळा. घरासमोरच्या गाळात मात्र कुणी मोहरीचा डबा लवंडावा तसे काळे कण.

"म्हणजे भट्टीजवळ काहीच नाही?" वडिलांचा चेहरा उजळला. "सुटलो म्हणायचं."

तिला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. पण तेवढ्यात कारखान्याचं धुराडं आठवलं. आसपासच्यांना त्रास नको म्हणून मुद्दाम उंच बांधलेलं.

"बाबा, बरण्या बरोबर आहेत," ती म्हणाली. "काजळी भट्टीचीच आहे. धुराडं उंच आणि वारा कायम आपल्या घराकडे. धूर तळं ओलांडून जायचा आणि तिकडेच खाली बसायचा."

त्यांनी घरासमोरची बरणी उचलली, उजेडाकडे धरली, पुन्हा खाली ठेवली. नुसत्या डोळ्यांना दोन्हीकडचा गाळ सारखाच दिसत होता.

"पण घर मी लांब बांधलं होतं," ते गोंधळून म्हणाले. "तुम्हाला धूर लागू नये म्हणून."

मग त्यांना आणखी काही आठवलं.

"तुझी आई म्हणायची, दोरीवरचे कपडे काळे पडतात. मी म्हणायचो, नीट धूत जा."