तीन हिसके

घणसोलीच्या सोसायटीतला कलमी गुलाब खालच्या जंगली खुंटाने पार गिळला होता. "मावशी, रानटी फुटवे छाटू नका, मुळापासून उपटा," सेक्रेटरींनी बजावलं.

माळीकाम करणारी पुतळा भर दुपारी आळं उकरायला बसली. भराव पडायच्या आधी इथेच तिच्या सासरची खारजमीन होती.

बाकीचे फुटवे निघाले. एक हलेना. तिने तो मनगटाला गुंडाळून ओढला.

खालून कुणीतरी ओढलं. तीन हिसके.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची उघाडी, ती लाकडी झडप, दुरुस्त करायला पाण्यात उतरलेला माणूस कमरेच्या दोरीला तीन हिसके द्यायचा. म्हणजे, वर घ्या. वीस वर्षांपूर्वी, शहाहत्तरच्या उधाणात, तिच्या नवऱ्याने, हिरामणने ते दिले होते. 'तू पन जाशील' म्हणत बांधावरच्यांनी तिच्या हातातली दोरी कापली होती.

पुन्हा तीन हिसके. तिचा हात कोपरापर्यंत मातीत गेला.

"मावशी, थांबा, कापतो!" सेक्रेटरी कात्री घेऊन धावले.

"कातरी लावशील तर बघ!" पुतळाने दोन्ही टाचा रोवल्या. "या बारीला नाय सोडनार."

तिने सगळा जोर लावला. गुलाबाच्या बुडाशी माती हळूहळू वर उचलली जाऊ लागली.