कंदुरीच्या गोळ्या

सोमनाथने देगीवरचं झाकण काढलं आणि माळावरची सगळी माणसं सटवाकडे पाहू लागली. दर्ग्याच्या कंदुरीत, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणात, सटवाने सालनाची चव बघून मान डोलावल्याशिवाय पंगत बसत नसे. मटण शिजवायचा मानही दरवर्षी त्याचाच. यंदा मात्र तो पुतण्याकडे, सोमनाथकडे गेला होता. सटवाला देगीजवळ फिरकायची बंदी होती, आणि ती घालणारी त्याची बायको कडूबाई पलीकडे बायांच्या घोळक्यात भाकरी थापत बसली होती.

"तात्या, या. चव बघा," सोमनाथ म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम नुसता चुलीचा नव्हता.

सटवा लिंबाखालून असा लगबगीने आला, की गुडघे दुखतात हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं कोणाला खरं वाटलं नसतं. देगीवर लालभडक तर्री तरंगत होती. ती त्याने डोळे भरून पाहिली. मग पाण्याचा तांब्या मागितला, धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि सात पांढऱ्या गोळ्या तळहातावर घेतल्या.

"थांबा." कडूबाई पिठाच्या हातांनी तशीच उठून आली. "कसल्या गोळ्या ह्या?"

"चरबीच्या. नेकनूरच्या डॉक्टरनी दिलेल्या."

"ती तर रोज रात्री एक घ्यायची हाय. मी तुमच्या हातावर ठिवते की."

सटवा जरा घुटमळला. पण आपलं डोकं किती चाललं हे सांगायचा मोह त्याला आवरेना.

"शुगरची घेतली बरं का येळच्या येळी. पर हप्ताभर घरात नुसती भाजीभाकर. चरबी येणार कुठून? गोळी फुकट जायची. म्हणून राखून ठिवल्या. आज चरबी पोटात जाणार, तर आज समद्या एकदम."

माणसांत खसखस पिकली. कडूबाई हसली नाही. तिने त्याची मूठ उघडली, गोळ्या काढून घेतल्या आणि आपल्या पदराला बांधल्या.

"शेरडं तुमीच राखता ना? हप्ताभर उपाशी बांधून एका दिवशी समदा पाला टाकता का त्यांच्याफुडं?"

शेरडांचा विषय निघाला की सटवाला खोटं बोलता येत नसे. "न्हाई," तो म्हणाला. "मरतील की."

"मग? डॉक्टर म्हणले, खाल्लं न्हाई तरी ती चरबी अंगात बनतीच. शुगरवाल्याच्या नसा लौकर तुंबत्यात, म्हणून गोळी रोज." तिने पदराची गाठ आणखी आवळली. "मला तुमी पायजेत. अजून लई वर्सं."

एवढ्या माणसांत हे तोंडातून गेलं, हे ध्यानात येताच तिने पदर तोंडाला लावला. गालावर पीठ लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती असं उघड कधी बोलली नव्हती. सटवाला आतून एवढा आनंद झाला, की तो लपवायला त्याने तोंड देगीकडे फिरवलं.

"मग चव कोण बघणार?" सोमनाथ रडकुंडीला आला होता.

कडूबाईने हात पुसले आणि वाढायचं वगराळं उचललं. वगराळ्याच्या पाठीने तर्री हळूहळू एका कडेला सारली. खालचा घोटभर रस्सा वाटीत ओतला.

"घ्या. एवढंच."

सटवाने डोळे मिटून घोट घेतला. माळावर कोणी हलेना. मीठ बरोबर, तिखट बरोबर, खोबरं खमंग भाजलेलं. पोराच्या हाताला चव उतरली होती.

सटवाने डोळे उघडले आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"नीट कळलं न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला.

कडूबाईला हसू आवरेना. हसत हसतच ती पुन्हा तर्री कडेला सारू लागली, आणि सटवाची मान डोलायची वाट न बघता मागे पंगत बसायला लागली.