देवाला सांगितलंय

हिरव्या बांगड्या. नानाखेड्याच्या बसचा हॉर्न. दातांचे वळ उमटलेली उशी. माळ्यावर टाकलेलं धुपाटणं.

हॉर्न वाजला की पाच वर्षांचा विहंग किंचाळत उशी चावायचा, नाहीतर आईचा हात. आजही हॉर्न वाजला. सात महिन्यांच्या गरोदर गौरीने हात मागे घेतला. विहंग मुठी आवळून म्हणाला, “आई, मला गुस्सा येतोय.”

गौरीच्या सासूबाई सुमनताई लाटणं घेऊनच धावत आल्या. “काय म्हणालास? फिर से बोल!”

“गुस्सा येतोय, आजी. खूप!”

“अगंबाई, बोलला! चावला नाही, बोलला! शाब्बास रे वाघा, येऊ दे गुस्सा!”

गौरी हसता हसता रडायला लागली. सुमनताईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. “आणि या वेळी घरात उदबत्तीसुद्धा नाही. धूर बाळापर्यंत पोचतो म्हणे.”

“अहो आई, देवापुढे तरी...”

“देवाला सांगितलंय, थोडं ॲडजस्ट कर.”

विहंग पोटात होता तेव्हा, बाळ शांत स्वभावाचं व्हावं म्हणून, सुमनताई रोज संध्याकाळी खिडक्या लावून गौरीला गुग्गुळाची धुरी देत असत.