फिका दोरा

“बाबा, वजन?” मुलीनं विचारलं.

“ब्याऐंशी.”

शिलाई मशीनवर बसलेल्या आईचा पाय पायडलवरच थांबला.

जेवणाच्या टेबलावर बर्फाळ डोंगरांचं माहितीपत्रक पसरलं होतं. स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा फॉर्म मुलगी फोनवर भरत होती. उंची, वजन, बुटाचं माप. आठ वर्षं ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत आलेल्या माणसानं गेल्या महिन्यात एका बैठकीत तिघांची तिकिटं काढली होती. एवढी कसली घाई, असं आईनं तेव्हा विचारलं होतं. “बर्फ वितळायच्या आत गेलेलं बरं,” तो म्हणाला होता, आणि हसला होता.

तिनं मांडीवरची पँट पुन्हा उलटी केली. त्याचीच, करडी. सहलीसाठी आतून गरम अस्तर लावावं म्हणून सकाळी कपाटातून काढली होती. कमरेच्या मागच्या शिवणीवर दुसऱ्याच कुणाची तरी टीप होती. चांगली दोन इंच आत घेतलेली. दोरा तिच्याकडच्या करड्याहून जरा फिका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या माणसाचं तुटलेलं बटणसुद्धा कधी बाहेर लावलं गेलं नव्हतं.

सकाळपासून नको नको ते मनात येत होतं. या वयात बारीक होऊन दाखवायचंय कुणाला?

“ब्याऐंशीच ना? नीट सांगा हं बाबा,” मुलगी स्क्रीनवरचं वाचू लागली. “आपण पडलो की बूट स्कीतून आपोआप सुटतो. ती पकड वजन बघून बसवतात. वजन चुकीचं सांगितलं तर बूट सुटत नाही, पाय मोडतो.”

“मग पंच्याऐंशी लिही. जाईपर्यंत तुझी आई करेलच तेवढे.”

“बाबा, एक काहीतरी सांगा.”

“ब्याऐंशी म्हटलं ना, सरकार.”

“बरं. आता प्रवासाच्या विम्याचा फॉर्म. गेल्या सहा महिन्यांत कुठली तपासणी किंवा—”

“नाही. नाही लिही.”

“अहो बाबा, वाक्य तरी पुरं होऊ द्या.”

आई मशीनवरून उठली. सकाळपासून मनात उभी केलेली ती कुणी बाई कुठल्या कुठे नाहीशी झाली होती. ती परत यावी, असं तिला वाटलं.

गळ्यातली टेप काढत ती टेबलापाशी आली. “अहो, जरा उभे राहा. अस्तर लावायचंय. माप द्या.”

“माझं माप तुला तोंडपाठ आहे की.”

“मलाही तसंच वाटत होतं.”

त्यानं तिच्या हातातली पँट पाहिली. उलटी केलेली, शिवण वर. तो सावकाश उभा राहिला.

“आल्यावर बोलू ना,” तो अगदी हळू म्हणाला. “तिला एकदा बर्फ बघू दे.”

“आधी माप.”

“टाकू ना मग ब्याऐंशी?” मुलीनं फोनमधून मान वर न काढता विचारलं.

आईनं सैल शर्टाखालून टेप त्याच्या कमरेभोवती घेतली. माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं तिनं आजवर शेकड्यांनी पाहिली होती. छातीभर श्वास घेऊन, पोट फुगवून उभा राहिलेला हा पहिलाच.

तिनं टेप ओढली नाही. दोन्ही टोकं बोटांत धरून ती तशीच उभी राहिली, त्यानं श्वास सोडायची वाट पाहत.