शेवटी उतरणारा

येप्पे काय बोलणार, हा एकच विचार सिडसेलच्या डोक्यात होता. शाळेची खोली माणसांनी गच्च भरली होती. वादळात गावाची बचाव-नाव उलटली होती. वाचला एकटा येप्पे. आणि नावेचा तांडेल, म्हणजे तिचा म्होरक्या, होता सिडसेलचा नवरा लॉरिट्स.

डेन्मार्कमधल्या जुटलंडच्या या किनाऱ्यावर तांडेलाने सगळ्यांत शेवटी नाव सोडायची. ज्याने आधी सोडली, त्याच्या घरादाराला गावात कोणी दारात उभं करत नाही. लॉरिट्सने काय केलं हे सांगणारा एकच जण उरला होता, आणि तो सकाळपासून तिच्याकडे बघतही नव्हता.

शेजारच्या बोडिलने तिचा हात धरला. बोडिलचा भाऊही त्याच नावेत गेला होता.

"अगं, घाबरतेस कशाला! बुडालेल्याबद्दल त्याच्या बायकोसमोर वाईट कोण बोललंय आपल्यात? आणि सदा दार लावून काय बसतेस? आम्ही बायका प्रेतं शोधत किनारा तुडवतोय, तू एकदाही आली नाहीस."

"माझ्याने नाही बघवणार ते," सिडसेल पुटपुटली.

पाद्रीबाबांनी येप्पेला उभं केलं. "लॉरिट्स कसा वागला? खरं सांग."

येप्पे हातातली टोपी पिळत राहिला. आता संपलं सगळं, सिडसेलला वाटलं. येप्पेने एकदा तिच्या काळ्या शालीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"शेवटपर्यंत सुकाणू धरून होता," तो म्हणाला. "मला म्हणाला, तू पोहत सूट, माझी जागा इथंच. मग लाट आली."

खोलीत हुंदके फुटले. लॉरिट्सने हट्टाने वादळात नाव काढून पोरं मारली, असं कालपर्यंत म्हणणाऱ्यांनीही माना खाली घातल्या. बुडालेल्यांच्या आठवणीसाठी चर्चमध्ये बसवायच्या दगडावर पहिलं नाव त्याचंच, असं पाद्रीबाबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. सिडसेल ओक्साबोक्शी रडली.

"चल, येते सोबतीला," बोडिल म्हणाली.

"नको गं. आज एकटीच बसते."

घरी येताच तिने कडी घातली आणि तळघराचं झाकण उचललं.

"येप्पेने मला उडी मारून पळताना बघितलंय," खालून लॉरिट्स कुजबुजला. "सांगितलं त्याने?"

"नाही. तू शेवटपर्यंत सुकाणू सोडलं नाहीस म्हणाला. दगडावर पहिलं नाव तुझं."

खालून सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

"मग येऊ वर?"

सिडसेलने झाकण लावलं आणि बटाट्यांचं पोतं त्यावर ओढलं.